एका वाक्यापुरती शांतता

“ताई, तुमचं वाक्य अर्थमंत्री साहेबांच्या भाषणात घातलं आहे. शेवटून दुसऱ्या पानावर. आता तुम्ही चहा घ्या अन् निवांत बसा,” मधुकरराव ठोसर म्हणाले.

ठोसर सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद. आमदारांना गोळा करून वेळेवर सभागृहात बसवायचं, कोण रुसलंय, कोण फुटायच्या बेतात आहे यावर डोळा ठेवायचा, हे त्यांचं काम. माणूस विदर्भातला, बोलायला गोड. पण ते ‘निवांत बसा’ म्हणाले की मी सावध व्हायची.

“वाक्य काय लिहिलंय ते दाखवा,” मी म्हटलं.

“भाषण साहेबांपाशी आहे. तुमचा माझ्यावर भरवसा नाही का?”

“तुमच्यावर आहे. भाषणावर नाही.”

ते मोठ्यानं हसले. लॉबीतल्या दोन-चार जणांनी वळून पाहिलं. त्या वर्षी माझ्याशी कुणी हसून बोललं तरी लोक वळून पाहायचे. सरकारचं बहुमत इतकं बारीक होतं की आम्हा तीन-चार अपक्षांना जावयाचा मान होता. आमची कामं विचारली जायची, तब्येत विचारली जायची, चहात साखर किती तेही विचारलं जायचं. आणि कामं मात्र होत नव्हती.

माझं काम एकच होतं. तिळवणचं ग्रामीण रुग्णालय.

आमचा तिळवण तालुका डोंगरातला. रुग्णालयाची इमारत चांगली दुमजली, आत ऑपरेशन थिएटर, टेबल, वरचा तो मोठा दिवा, सगळं आलेलं. फक्त शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नव्हता आणि भूल देणारा नव्हता, कारण ती पदंच मंजूर नव्हती. दिव्याला प्लास्टिकची पिशवी घालून ठेवली होती. माझी नणंद मालन त्याच रुग्णालयाच्या दारातून परत फिरवली गेली. मूल आडवं होतं. जिल्ह्याच्या गावाला नेताना घाटात जीपमध्येच ती गेली, बाळही गेलं. मी जीपमध्ये होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मी कन्याशाळेत पी.टी. शिकवायची. राजकारण मला कवायतीपलीकडे ठाऊक नव्हतं. पण त्या रागात मी निवडणुकीला अपक्ष उभी राहिले. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, आयुष्यात कधी कुणाच्या उंबऱ्यावर काही मागायला गेल्या नव्हत्या. त्या डोक्यावर पदर घेऊन वाडीवाडीत फिरल्या. “माझी लेक गेली, तुमची जाऊ नये,” एवढंच बोलायच्या. बायकांनी मला निवडून दिलं. नानासाहेब सरनोबतांच्या पुतण्याला मी पाडलं. सरनोबत घराण्यातलं कुणी तिळवणमध्ये पडलेलं त्याआधी कुणाच्या आठवणीत नव्हतं.

आणि आता आरोग्य खात्याचं पत्र आलं होतं. न वापरलेलं साहित्य मार्चअखेर दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं. दिवा, टेबल, भूल द्यायचं यंत्र, सगळं. एकदा ट्रकमध्ये चढलेलं सामान परत तिळवणचा घाट चढत नाही, हे कळायला आमदार व्हावं लागत नाही. या अधिवेशनात पदं मंजूर झाली तर सामान राहणार होतं, नाहीतर आमची इमारत म्हणजे नुसती धर्मशाळा.

आरोग्यमंत्री केबिनमध्ये मला तीनदा ‘करतो ताई’ म्हणाले होते. मी पहिल्या खेपेची आमदार असले तरी एवढं शिकले होते की केबिनमधलं ‘करतो’ दाराबाहेर येत नाही. मंत्री सभागृहात उभा राहून बोलला तर ते आश्वासन होतं. ते नोंदलं जातं, आश्वासन समितीकडे जातं, आणि काम होईपर्यंत ती समिती खात्याच्या सचिवाला बोलावून विचारत राहते. म्हणून मला ते वाक्य सभागृहात बोललेलं हवं होतं. आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा ते येईल, असं ठरलं होतं. पण दिवस गोंधळात गेले आणि शेवटी उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकत्र मतास टाकून मंजूर झाल्या. चर्चा नाही, उत्तर नाही, वाक्यही नाही.

उरलं होतं फक्त विनियोजन विधेयक. ते मंजूर झाल्याशिवाय सरकारला तिजोरीतून खर्च करता येत नाही. ते त्या दिवशी दुपारी यायचं होतं आणि त्यावर अर्थमंत्री उत्तर देणार होते. त्यांच्या उत्तरात माझं वाक्य घालायचं, मी विधेयकाच्या बाजूनं मत द्यायचं, असा ठोसरांशी माझा सौदा झाला होता.

“आणि आज पण गोंधळ झाला तर?” मी विचारलं.

“झाला तर झाला. साहेब उत्तर देणार नाहीत. अध्यक्ष आवाजी मतदान घेतील, दोन मिनिटांत विधेयक पास.”

“आणि माझं वाक्य?”

ठोसरांनी खांदे उडवले. “आता समोरचे ओरडून राह्यले तर मी काय त्यांच्या तोंडाला पट्टी लावू? पावसाळी अधिवेशनात पाहू ना, ताई. तुम्ही काहून एवढं टेन्शन घेता?”

पावसाळी अधिवेशनापर्यंत तो दिवा दुसऱ्याच कुठल्यातरी छताला लागलेला असणार होता.

सभागृहात सकाळपासून विरोधकांनी धिंगाणा मांडला होता. प्रश्नोत्तरांचा तास वाहून गेला. वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत, पन्नासएक माणसं उभी राहून घोषणा देत होती. कागद फाडून उडवत होती. मी माझ्या मागच्या बाकावरून पाहत होते. मैदानावर हजार मुली असल्या तरी मी एक शिट्टी मारली की चिडीचूप व्हायच्या. इथं शिट्टी चालत नव्हती.

कामकाज तहकूब झालं तेव्हा मी उठले आणि ज्याच्या दारात मी कधी जाणार नाही असं ठरवलं होतं त्याच्या दारात गेले.

नानासाहेब सरनोबत विरोधी पक्षाचे नेते. सगळे त्यांना नाना म्हणत. पांढरे स्वच्छ कपडे, कपाळावर बारीक अष्टगंध, आवाज कधी चढायचा नाही. ओरडायची कामं त्यांची माणसं करायची. केबिनमध्ये ते एकटेच बसून पेरू खात होते. समोर बशीत तिखट-मीठ होतं.

“या या, शैलाताई. बसा. पेरू घ्या, आपल्याकडचा आहे.”

“नको, नाना. मी मागायला आले आहे.”

“मग बसून मागा की. उभ्यानं मागितलेलं द्यायला जड जातं.”

मी बसले. आडवळणानं बोलायचं मला कधी जमलं नाही. “दुपारी अर्थमंत्री उत्तराला उभे राहतील तेव्हा तुमची माणसं गप्प बसवा. पूर्ण भाषणभर नको. रुग्णालयाचं वाक्य होईपर्यंत.”

त्यांनी पेरूची फोड खाली ठेवली. हात पुसले. “तिळवणचं?”

“तिळवणचं.”

“वाक्य नक्की आहे भाषणात?”

“ठोसर म्हणाले, आहे.”

“ठोसर म्हणाले,” ते सावकाश म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर समुद्राकडून आलेला उजेड डोळ्यांत जात होता. मला वाटलं, ते नाही म्हणणार. मी मनात उठायची तयारी केली.

“तुमची नणंद गेली ती ह्याच पायी, न्हवं?” त्यांनी विचारलं. घरातली भाषा त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच आली.

“हो.”

“वाईट झालं ते. मी आलो होतो दहाव्याला.”

ते आले होते. खोटं नव्हतं.

“हे बघा,” ते परत केबिनच्या भाषेत आले. “सरकारची कोंडी करणं हे माझं काम. आज ती शेवटची संधी. मी माणसं गप्प बसवली तर उद्याच्या पेपरात काय येईल? नाना मॅनेज झाले. तुम्हाला वाक्य मिळेल, सरकारला विधेयक मिळेल. मला काय मिळेल?”

“तुम्हाला काय पाहिजे?”

“तिळवण,” ते म्हणाले.

मला क्षणभर समजलंच नाही.

“पुढच्या खेपेला तुम्ही उभ्या राहायचं नाही. आमच्या पुतण्याला, अभयसिंहाला, रान मोकळं ठेवायचं. तुमचं काम तर आज होतंय. ज्यासाठी आलात ते मिळतंय. मग अडवून कशाला बसता?”

राग आला, तो इतका की कान गरम झाले. मग मला वाटलं, अगं, ह्यात कसला राग? तू काय इथं राहायला आली होतीस? रोज आमदार निवासातल्या त्या खोलीवर कोपऱ्यातल्या स्टोव्हवर खिचडी टाकतेस, सचिवांच्या दाराबाहेर तासन्‌तास बसतेस, घरी फोन केला की नवरा म्हणतो, आमदारीणबाई कधी येणार. किती वेळा म्हणाली होतीस की सुटले की सुटले. मी स्वतःला असं सांगत होते आणि तरी माझं मलाच पटत नव्हतं.

“विचार करा. पण लवकर करा. तहकुबी संपत आली.”

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मला जीप आठवली. घाटातलं वळण आठवलं. मालन शेवटी पाणी मागत होती आणि बाटली रिकामी होती.

“बरं,” मी म्हटलं.

“दिला शब्द?”

“दिला. पण वाक्य झालं तर.”

“झालं तरच.” त्यांनी पेरूची बशी माझ्याकडे सरकवली. “आता तरी घ्या.”

मी एक फोड घेतली आणि बाहेर येऊन कुंडीत टाकून दिली.

घंटा वाजली. सगळे आत गेलो. ठोसर दाराशी उभे राहून आपली माणसं मोजत होते. मला बघून त्यांनी मान डोलावली. अध्यक्ष आसनावर आले आणि त्यांनी विनियोजन विधेयक पुकारलं. लगेच विरोधक उठून वेलमध्ये उतरले आणि परत तेच सुरू झालं. घोषणा, टाळ्या, बाकांवर थापा. नाना आपल्या जागेवर शांत बसले होते, डोळे मिटून. ह्यांना झोप लागली की काय, असं मला वाटलं.

अर्थमंत्री उत्तराला उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मग समोरच्या कागदाकडे हात नेला. आवाजी मतदान घ्यायच्या आधी ते असंच करायचे, मला पाठ झालं होतं. मी अर्धी उठले.

तेवढ्यात नाना उभे राहिले.

त्यांनी नुसता हात वर केला. वेलमधल्या घोषणा हळूहळू विरल्या. शेवटी एकजण एकटाच ओरडत राहिला आणि ओशाळून थांबला.

“अध्यक्ष महाराज,” नाना म्हणाले, “हे सरकार जनतेचा आवाज ऐकायला तयार नाही. ह्या अर्थसंकल्पात सामान्य माणसाला काही नाही. त्याचा निषेध म्हणून आम्ही सभात्याग करतो.”

आणि सगळेच्या सगळे बाहेर पडायला लागले. रांगेनं, गप्पा मारत, कुणी खिशातून सुपारी काढत. बघता बघता समोरची बाकं रिकामी झाली. इतकी शांतता झाली की पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. नानांनी मला पाहिजे होती त्याच्या दसपट शांतता दिली होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

अर्थमंत्री खुलले. मोठ्या आवाजात, मजेत बोलायला लागले. सिंचन झालं, रस्ते झाले, शिक्षण झालं. मी पानं बघत होते. त्यांच्या हातातला गठ्ठा पातळ होत चालला होता. आणि मध्येच माझ्या लक्षात आलं.

समोर कुणीच नव्हतं. विधेयकाच्या विरोधात मत द्यायला सभागृहात माणूस उरला नव्हता. मग माझ्या मताची आता कुणाला गरज होती? मी बाजूनं दिलं काय, विरोधात दिलं काय, घरी जाऊन झोपले काय, विधेयक पास होणार होतं. माझ्या हातात एकच नाणं होतं आणि विरोधक दाराबाहेर गेले त्या क्षणी ते खोटं झालं होतं. मी स्वतःच जाऊन ते खोटं करून घेतलं होतं.

मी ठोसरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. तेव्हाच मला कळून चुकलं.

अर्थमंत्र्यांनी दोन पानं एकदम उलटली. “शेवटी, अध्यक्ष महाराज, मी एवढंच म्हणेन की...”

“अध्यक्ष महाराज!”

तो माझा मैदानावरचा आवाज होता. मला तो आवरता आला नाही. गॅलरीतले पत्रकार दचकून पुढे वाकले.

“सदस्यांनी खाली बसावं,” अध्यक्ष म्हणाले. “मंत्र्यांचं उत्तर चालू आहे.”

“अध्यक्ष महाराज, तिळवण ग्रामीण रुग्णालयातल्या पदांबद्दल मंत्री महोदय उत्तरात सांगणार होते. ते राहून गेलं.”

“ताई, बसा,” ठोसर दबक्या आवाजात म्हणाले.

“मी बसणार नाही.”

“सदस्या नवीन आहेत,” अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. “मंत्र्यांचं उत्तर सुरू असताना असं मध्ये उठता येत नाही. आपण मंत्र्यांना नंतर भेटा. बसा.”

सभागृहातून काढायला लावतील, लावू देत, असं मी ठरवून टाकलं होतं. पण काढलं असतं तर वाक्य गेलंच असतं. बसले असते तरी गेलंच असतं. मी नुसती उभी होते आणि पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

“सदस्या काय विचारतायत ते ऐकून घ्या, अध्यक्ष महाराज.”

आवाज दाराकडून आला. नाना दारातच उभे होते. एक पाय आत, एक बाहेर. त्यांच्या मागं लॉबीत त्यांची माणसं घोळका करून उभी होती.

अध्यक्ष चमकले. “आपण सभात्याग केला आहे.”

“केलाय. पण अजून लांब गेलेलो नाही,” नाना म्हणाले. “परत आत येतो, पाहिजे तर. मग सावकाश मतविभागणी मागू, एकेक डोकं मोजू. घाई कुणाला आहे?”

सत्ताधारी बाकांवर चुळबुळ झाली. विरोधक निघून गेलेले बघून त्यांचे निम्मे लोक केव्हाच कॅन्टीनला पळाले होते. ठोसरांचा चेहरा उतरला. ते अर्थमंत्र्यांच्या कानाला लागले. अर्थमंत्र्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उलटलेलं पान मागं घेतलं.

“तिळवणच्या पदांचा विषय शासनाच्या विचाराधीन आहे. तो तपासून...”

“तपासून झालंय,” नाना दारातूनच म्हणाले. “बाळंतिणी मरेपर्यंत तपासलं.”

अर्थमंत्र्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं.

“तिळवण ग्रामीण रुग्णालयासाठी शल्यतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ ही दोन्ही पदं ह्या वर्षी मंजूर करण्यात येतील,” ते म्हणाले. “आणि तिथलं साहित्य हलवलं जाणार नाही.”

मी खाली बसले. बसले म्हणजे पडलेच. विधेयकाच्या बाजूनं असणाऱ्यांनी होय म्हणावं, असं अध्यक्ष म्हणाले तेव्हा मी इतक्या मोठ्यानं होय म्हटलं की पुढच्या बाकावरच्यानं कानाला हात लावला.

लॉबीत ठोसर मला गाठून हात जोडत म्हणाले, “घ्या, झालं ना तुमचं? उगाच आरडाओरडा केला. आता तुमाले सांगायला हरकत नाही. विरोधक सभात्याग करतील हे तर सकाळीच ठरलं होतं.”

“कुणाशी?”

“आमच्याशी. आणखी कुणाशी? दुपारपर्यंत त्यांनी ओरडायचं, साहेब उभे राहिले की निषेध करून जायचं. दर साली असंच असते. पण ते बोलायचं नसते, ताई. फुटलं तर त्यांचं नाक कापल्या जाते.”

मी त्यांना तिथंच सोडून गेले. नाना व्हरांड्यात गाडीची वाट बघत उभे होते.

“तुमचा सभात्याग सकाळीच ठरला होता,” मी म्हटलं.

“हो.” त्यांची पापणीही लवली नाही.

“मग माझ्याकडून शब्द कशाचा घेतलात? जे फुकट होणार होतं त्याचा?”

“सभात्याग ठरला होता,” नाना म्हणाले. “दारात थांबायचं ठरलं नव्हतं.”

मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

“शैलाताई, तुम्ही आला नसतात तर मी आत्ता घरी वामकुक्षी घेत असतो. आणि तुमचं ते पान उलटून गेलं असतं. मी थांबलो, कारण तुम्ही माझ्या केबिनमधून गेलात तेव्हापासून ते रुग्णालय माझंही झालं. माझ्या अभयसिंहाचं झालं.” गाडी आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. नाना लगेच बसले नाहीत. “आणि आणखी एक सांगतो. आश्वासन समितीत माझी माणसं आहेत. पदं येईपर्यंत मी त्या सचिवाला झोपू देणार नाही. अभयसिंहाला मतं मागायला जायचंय त्या दवाखान्यापुढं. पण तुम्हीच उभ्या राहणार असाल, तर मला कशाला एवढी तोशीस?”

“म्हणजे मी शब्द मोडला तर...”

“मी कुठं काय म्हटलं?” ते हसले. हसताना ते चांगले दिसायचे, हेही खरं.

नाना बोलले तसे वागले. पदं आली, डॉक्टर आले, दिव्यावरची पिशवी निघाली, पुढची निवडणूक यायच्या आत तिळवणमध्ये बाळंतिणींची ऑपरेशनं व्हायला लागली. फीत अभयसिंहांनी कापली. मला दुसऱ्या रांगेत खुर्ची होती. मी अर्ज भरला नाही. लोकांनी शंभर कारणं लावली, खोकी घेतली म्हणाले, नवऱ्यानं बसवलं म्हणाले. मी कुणाला काही सांगितलं नाही. दवाखाना चालू राहणं महत्त्वाचं होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी व्हरांड्यातून परत आत आले आणि लॉबीतल्या फोनवरून घरी नंबर लावला. आत्ती सकाळपासून फोनशेजारीच बसून असणार, हे मला माहीत होतं. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला.

“बोल.”

“झालं, आत्ती.”

“भूल द्याचा डाक्टर?”

“तो पण. दोघंही. आणि दिवा कुठं जात नाही.”

“कोण बोललं? का तसंच आपलं?”

“मंत्री बोलले. सगळ्यांसमोर, उभं राहून.”

पलीकडून पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला. मालनचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“जेवते आता.”

“जेव. आणि ये बाई घरी. लई वणवण झाली तुझी. एका कामापायी धाडलं हुतं तुला, त्ये झालं. आता परत उभं ऱ्हायाचं काय कारण न्हाई न्हवं?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग सुटलो सगळी. कुणाला हौस हाय त्येची?”

“कुणालाच नाही, आत्ती.”

मी फोन ठेवला. सभागृहाची घंटा वाजत होती. पुढचं कामकाज कुठल्याशा नगरपालिकांच्या विधेयकाचं होतं. ते मी आदल्या दिवशी खोलीवर बसून वाचून काढलं होतं, खुणा केल्या होत्या, त्यातल्या एका कलमावर बोलायला नाव दिलं होतं. तिळवणला नगरपालिकाच नाही. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं माझ्या बाजूनं आत जात होती आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. घाटातून मालनला परत आणली त्या रात्रीनंतर मी अशी रडले नव्हते.

मला होती, आत्ती. मला हौस होती.